फोन काढून घेण्याआधी

इंटरनेटवरचे अश्लील व्हिडिओ मुले शोधत जातात, हा समज अर्धाच खरा आहे. अनेकदा ते न बोलावताच मुलांसमोर येऊन उभे राहतात. 'कॉमन सेन्स मीडिया' या अमेरिकी संस्थेने १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींशी बोलून जानेवारी २०२३ मध्ये एक अहवाल काढला. त्यातल्या ७३ टक्के मुलांनी असे काही ना काही पाहिलेले होते. पहिल्यांदा पाहिले तेव्हाचे सरासरी वय होते १२, आणि निम्म्याहून अधिक मुलांच्या समोर ते कधी तरी न शोधता आलेले होते. त्याच महिन्यात इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांचाही अहवाल आला. त्यात १० टक्के मुलांनी नवव्या वर्षापर्यंत, तर २७ टक्के मुलांनी अकराव्या वर्षापर्यंत हे पाहिलेले होते. म्हणजे गोष्ट चौथी-पाचवीतल्या मुलांची आहे. पालकांच्या हिशेबात मात्र हा विषय दहावीनंतरचा असतो, आणि दहावीनंतर बारावी येते.

मुंबईच्या उपनगरांत हे कोणत्या वाटांनी येते, ते घाटकोपर-मुलुंडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत पाहता येते. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गृहपाठासाठी निघतो. महिन्याभरात त्यात वात्रट स्टिकर येतात, मग नुसतेच 'बघ रे' असे लिहिलेली लिंक येते. क्रिकेटचा सामना फुकट दाखवणाऱ्या चोरट्या साइटवर प्लेचे बटण दाबले की सामना राहतो बाजूला आणि दुसऱ्या खिडकीत भलतेच उघडते. गेम खेळताना ओळख झालेला कोणी डिस्कॉर्डवर बोलावतो. आणि क्लास सुटल्यावर जिन्याच्या वळणावर एका फोनभोवती पाच-सहा डोकी जमतात. 'आमच्याकडे मुलाला फोनच दिलेला नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या घरातले डोकेही त्यांत असते.

परदेशातल्या मराठी मंडळांत हा विषय निघतो तो गणपतीच्या आरतीत एखादे मूल फोनमध्ये डोके खुपसून बसलेले दिसले म्हणून, आणि मिटतो तो जेवणाची रांग पुढे सरकण्याआधी, एकाच वाक्यावर: आपल्याकडे असलं काही नव्हतं. 'आपल्याकडे' म्हणजे पार्ले, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, आणि तेही साधारण १९८० ते २००० मधले. सगळे माना डोलावतात, कारण वाक्यात घरची आठवण असते. आठवण खरी असली तरी माहिती खोटी आहे.

१९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झाले आणि त्याच सुमारास व्हीसीआरही घरांत दिसू लागला. स्टेशनाजवळच्या गल्ल्यांत व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्याने मिळे. बिल्डिंगमध्ये वर्गणी काढून लागोपाठ तीन सिनेमे पाहणे हा त्या काळातला सोहळा होता. चौथी कॅसेट कोणाच्या तरी पिशवीत असे, आणि ज्याचे आईवडील गावाला गेलेले असत त्याच्या घरात ती लागे. रवी जाधव यांचा 'बालक-पालक' (२०१३) हा चित्रपट अशाच चाळीतल्या मुलांचा आहे. शेजारची ताई एकाएकी दिसेनाशी होते. तिने 'शेण खाल्लं' एवढेच मोठ्यांच्या तोंडून कानावर पडते. त्याचा अर्थ कोणीच सांगत नाही, म्हणून मुले स्वतःच शोधाला लागतात आणि भाड्याच्या व्हीसीआरपर्यंत पोहोचतात. चित्रपट पाहून हसलेल्या प्रेक्षकांत परदेशस्थ मराठी माणसे कमी नव्हती, आणि त्यांचे हसणे अनोळखी माणसाचे नव्हते. व्हीसीआरच्या आधी पिवळी पुस्तके होती, फुटपाथवर इतर पुस्तकांच्या खाली ठेवलेली. व्हीसीआरनंतर सायबर कॅफे आले. तिथल्या खुराड्यांना लावलेले प्लायवूडचे आडोसे कशासाठी आहेत, हे चालकाला ठाऊक होते, गिऱ्हाइकाला ठाऊक होते आणि बाहेरून जाणाऱ्यालाही ठाऊक होते.

म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीच्या बालपणी हे नव्हते असे नाही. त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हते, आणि न बोलण्याची तीच रीत पुढे न्यू जर्सीत, सिंगापुरात, लंडनमध्ये सुरू राहिली.

न बोलण्याला पर्याय मुंबईतच निघालेला होता, तोही शंभर वर्षांपूर्वी. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे शरीरशास्त्राला धरून सरळ उत्तरे देत. या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते लेखन आपोआप अश्लील ठरत नाही, ही बचावाची भूमिका कोर्टाने मानली नाही आणि कर्व्यांना दंड झाला. त्यानंतर सत्तरेक वर्षांनी, २००७ मध्ये, केंद्राचा किशोरवयीन मुलांसाठीचा शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्रातल्या शाळांत येऊ घातला तेव्हा विधिमंडळात त्याच्या पुस्तकांतल्या चित्रांवर आणि मजकुरावर गदारोळ झाला आणि राज्याने तो थांबवला. शाळेत शिक्षकाने फळ्यावर काढलेली आकृती मुलांना बिघडवील, अशी भीती त्या वेळी बोलून दाखवली गेली. ती आकृती मुलांना दिसली नाही. पुढच्या दहा वर्षांत मुलांना काय काय दिसले, याचा हिशेब विधिमंडळाने मागितल्याचे ऐकिवात नाही.

जुन्या आणि आजच्या परिस्थितीत मोठा फरक आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. कॅसेटला पैसे लागत, मित्र लागत, रिकामे घर लागे, आणि कॅसेट संपे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा पाण्यासारखा झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन वर्ग फोनवर भरू लागले, तेव्हा 'दहावीपर्यंत फोन नाही' हा नियम पाळणाऱ्या घरांतही पाचवीतल्या मुलांच्या हातात दिवसाचे चार तास फोन आला. शाळा पुन्हा भरल्या. फोन परत घेणे बहुतेकांना जमले नाही. दुसरा फरक आशयाचा. आज फुकट मिळणाऱ्या व्हिडिओंत मारणे, गळा आवळणे, शिवीगाळ हे सर्रास असते, आणि ज्या बाईला मारले जाते तिला ते आवडते असे दाखवलेले असते. वर उल्लेखलेल्या इंग्लंडच्या अहवालात ७९ टक्के तरुणांनी वयाच्या अठराव्या वर्षाआधी अशी हिंसक दृश्ये पाहिलेली होती.

मुलावर याचा परिणाम काय होतो, याबद्दल दोन टोके टाळायला हवीत. एकदा पाहिले म्हणजे मूल वाया गेले, हे एक टोक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याचा विकार आहे, पण त्यासाठी अनेक महिने टिकणारे आणि रोजचे जगणे विस्कटून टाकणारे वर्तन लागते. चोरून चार व्हिडिओ पाहणारा आठवीतला मुलगा त्या व्याख्येत बसत नाही. 'वयच आहे ते' म्हणून सोडून देणे, हे दुसरे टोक. मुलाला त्या व्हिडिओंतून एक अभ्यासक्रम मिळतो, आणि त्याला ताडून पाहायला दुसरा अभ्यासक्रम नसतो. त्यात शरीरे निवडलेली, रंगवलेली, कापून जोडलेली असतात. कोणी कोणाला विचारत नाही, कोणी थांब म्हटले तरी थांबत नाही, निरोध दिसत नाही, नंतरचे बोलणे दिसत नाही. मुलगा स्वतःचे शरीर त्याच्याशी ताडून पाहतो आणि कमी पडतो. आपल्याला असे सहन करावे लागणार आहे, असे मुलीला वाटते. दहा वर्षांच्या मुलाला तर नुसती भीती वाटते. त्याच वेळी शरीरात काही तरी चाळवते त्याची लाज वाटते, आणि भीती व लाज एकत्र आल्या की मूल गप्प बसते.

या गप्प मुलाला अधिक गप्प करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे फोन काढून घेणे, आणि मराठी घरांत बहुधा तोच पहिला उपाय असतो. त्यामुळे त्याबद्दल सविस्तर बोलणे भाग आहे.

घटनेचा क्रम बोरिवलीत आणि बोस्टनमध्ये सारखाच असतो. उपनगरातल्या वन-बीएचकेमध्ये तो अधिक स्पष्ट दिसतो, कारण तिथे लपायला जागा नसते. आई गॅस सिलिंडरच्या बुकिंगसाठी मुलाचा फोन हातात घेते आणि ब्राउझरमध्ये आधीचे पान उघडे असते. ती काही बोलत नाही, कारण हॉलमध्ये सासूबाई मालिका पाहत बसलेल्या असतात. नऊ वाजता वडील लोकलचे धक्के खाऊन येतात. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावून कुजबुज होते. मग मुलाला आत बोलावले जाते आणि वाक्य येते: 'तू असा निघशील असं वाटलं नव्हतं.' फोन कपाटाच्या लॉकरमध्ये जातो, मंगळसूत्राच्या डबीशेजारी. मुलाने काय पाहिले, का पाहिले, कोणी दाखवले, त्याला काय वाटले, यातले काहीही विचारले जात नाही. पंधरा-वीस दिवसांनी क्लासच्या टेस्टचे वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅपवरच येते म्हणून फोन परत मिळतो. मधल्या काळात मूळ विषयावर घरात एकही वाक्य झालेले नसते. मुलगा मात्र बरेच शिकलेला असतो: इन्कॉग्निटो म्हणजे काय, इतिहास कसा पुसायचा, कॅल्क्युलेटरसारखे दिसणारे आणि आत फोटो लपवणारे अ‍ॅप कोणते. सर्वांत पक्के शिकलेला असतो ते हे की, यापुढे काहीही झाले तरी घरी सांगायचे नाही.

हे शेवटचे शिक्षण सगळ्यांत महाग पडते. आज मुलांना असलेला मोठा धोका केवळ पाहण्याचा नाही, अडकवले जाण्याचा आहे. इन्स्टाग्रामवर किंवा स्नॅपचॅटवर समवयस्क मुलीच्या नावाने कोणी ओळख काढतो, चार दिवस गोड बोलतो, तिचा म्हणून एक फोटो पाठवतो आणि बदल्यात फोटो मागतो. फोटो गेला की दहा मिनिटांत सूर बदलतो: पैसे दे, नाही तर तुझ्या सगळ्या फॉलोअरना पाठवतो, आणि सोबत त्या फॉलोअरच्या यादीचा स्क्रीनशॉट. या सापळ्यात अडकून अमेरिकेत काही किशोरवयीन मुलांनी जीव दिला आहे आणि एफबीआयने पालकांना वारंवार सावध केले आहे. अडकलेले मूल त्या रात्री मनात एकच प्रश्न घोळवत बसते: घरी सांगितले तर काय होईल? गेल्या वेळी लॉकर आणि ते एक वाक्य मिळाले असेल, तर उत्तर त्याला माहीत असते. गुन्हेगाराचा सगळा धंदा या उत्तरावर चालतो.

म्हणून फोन काढून घेण्याआधी पालकांनी थांबले पाहिजे, आधी ऐकले पाहिजे, आवाज चढवता कामा नये, आजी-आजोबांसमोर विषय काढता कामा नये, शिक्षा आणि संभाषण एकाच संध्याकाळी उरकता कामा नये. असा 'पाहिजे'चा पाढा लिहिणे सोपे आहे, हे मान्य. दिवसाचे तीन तास विरार लोकलमध्ये किंवा हायवेवर घालवून आलेल्या माणसाकडून रात्री साडेनऊला समुपदेशकाच्या संयमाची अपेक्षा करणे थोडे अन्यायाचेच आहे. फोन कधीच काढून घेऊ नये, असेही नाही. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, हा नियम चांगला आहे, आणि त्यात बाबांचाही फोन आला तर अधिक चांगला. फरक एवढाच की, नियम आधी ठरलेला असतो आणि शिक्षा रागात दिली जाते.

बोलायचे काय आणि कधी, याचे उत्तर वयानुसार बदलते. सात-आठ वर्षांच्या मुलाला 'पॉर्न' समजावून सांगण्याची गरज नसते. त्याला शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावे माहीत हवीत आणि एक सूचना पाठ हवी: 'फोनवर कधी उघड्या माणसांचं काही दिसलं, तर फोन पालथा ठेव आणि मला सांग. तुझी काही चूक नसेल. मी रागावणार नाही, फोनही काढून घेणार नाही.' ही सूचना रस्ता ओलांडायला शिकवावे तशी सहज, मध्ये मध्ये, दोन-तीनदा द्यावी. तिच्यातला शेवटचा शब्द मात्र पाळावा लागतो. एकदा मोडला की सूचना संपली.

नऊ ते बाराच्या दरम्यान ते काय असते हे पाहण्याआधीच सांगावे. 'मोठी माणसं पैसे घेऊन कॅमेऱ्यासमोर संबंधांचा अभिनय करतात. सिनेमातली मारामारी खरी नसते तसंच ते. काही वेळा तर त्यातल्या माणसांवर जबरदस्ती झालेली असते. तुझ्या वर्गात कोणी ना कोणी ते दाखवेल. बघावंसं वाटलं तर त्यात विचित्र काही नाही, पण तुझ्या वयाला ते घाबरवणारं असतं, आणि नंतर डोक्यातून लवकर जात नाही.' एवढे पुरे. मुलगा 'ईऽऽ' करून पळून जाईल. जाऊ द्यावे, त्याने ऐकलेले असते.

तेरानंतर विषय खरोखर वाढतो. इथे संमती येते, हस्तमैथुन येते (त्याने अशक्तपणा येतो, ही अजून घराघरात तग धरून असलेली भाकडकथा खोडून काढायला हवी, कर्वे तेच सांगत होते), मासिक पाळी आणि स्वप्नदोष येतो, समलिंगी आकर्षणाचा प्रश्न येतो, आणि आवडणाऱ्या मुलीने किंवा मुलाने फोटो मागितला तर काय म्हणायचे हेही येते. मुलाशी बाबांनी आणि मुलीशी आईने बोलायचे, ही वाटणी सोयीची असली तरी अपुरी आहे. मुलीला नाही म्हणण्याचा हक्क असतो हे मुलाने आईच्या तोंडून ऐकण्याला वेगळे वजन असते. आणि हे एक भलेमोठे संभाषण नसते. पाच-पाच मिनिटांची, वर्षानुवर्षे चालणारी वीस-पंचवीस संभाषणे असतात.

जागेचाही विचार लागतो. समोरासमोर बसून, डोळ्यांत पाहून हा विषय निघत नाही. गाडीत निघतो, कारण दोघांचे डोळे रस्त्यावर असतात. परदेशातल्या पालकांना ही सोय रोज मिळते. उपनगरात रिक्षा असते आणि रिक्षात तिसरा कान असतो. तिथे मग क्लासहून चालत परत येण्याची वाट, सोसायटीची गच्ची, किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली रविवार सकाळ कामाला येते. भाजी निवडतानाही चालते; हात गुंतलेले असले की तोंड मोकळे होते.

पाहताना सापडलेल्या मुलाशी पहिल्या रात्री फार बोलू नये. 'मी ते पाहिलं. मी रागावलेलो नाही, मला जरा सुचत नाहीये. आपण उद्या बोलू' हे पुरेसे असते. दुसऱ्या दिवशी विचारायचे: पहिल्यांदा कुठे दिसले, कोणी पाठवले, त्यात भीती वाटावी असे काही होते का, कोणी तुझ्याकडे काही मागितले आहे का. हा शेवटचा प्रश्न विसरता कामा नये. उत्तर 'हो' आले तर विषय बदलतो. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसायचे नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे, समोरच्याचे नाव आणि लिंक टिपून घ्यायची. भारतात चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आहे, आणि गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. अमेरिकेच्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' ही सेवा भारतातूनही वापरता येते. त्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा अंकांचा ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारा फोटो आपल्याकडून काढून टाकतात.

इथे कायद्याची थोडी ओळख हवी, कारण गोंधळ मोठा आहे. प्रौढ माणसाने खासगीत प्रौढांचे व्हिडिओ पाहणे हा भारतात गुन्हा नाही. ते पसरवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ आणि ६७-अ खाली गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांची दृश्ये असतील तर ती शोधणे, पाहणे, पुढे पाठवणे हे सगळेच कलम ६७-ब खाली येते, आणि पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल फिरवताना अशी दृश्ये नुसती साठवून ठेवण्याबद्दलही मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १५ चा कडक अर्थ लावला. त्याच निकालात न्यायालयाने सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा विचार करण्याची सूचना सरकारला केली, हे कमी छापून आले. घरातल्यांसाठी याचा व्यवहारी अर्थ असा: वर्गातल्या मुलीचा असा फोटो फिरतो आहे असे कळले, तर तो 'पुरावा' म्हणून सोसायटीच्या किंवा पालकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही. चांगल्या हेतूने फॉरवर्ड करणारे काकाही कायद्याच्या कक्षेत येतात. आणि तो फोटो पुढे पाठवणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळासमोर उभे राहावे लागू शकते, हे त्याला आधीच सांगितलेले बरे.

फिल्टरबद्दल थोडक्यात. गूगलचे फॅमिली लिंक, अ‍ॅपलचे स्क्रीन टाइम, शोधाच्या पानावरचा सेफसर्च, राउटरवर बसवता येणारे कौटुंबिक डीएनएस हे सगळे लावावे. लहान मुलांच्या बाबतीत चुकून समोर येणारे बरेच अडते. तेराच्या पुढे ते चाळणीसारखे होतात. सरकारी बंदीचेही तेच. भारत सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये ८५७ साइट बंद करायला सांगितल्या आणि काही दिवसांत माघार घेतली. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ साइट पुन्हा बंद झाल्या, आणि शाळकरी मुलांच्या बोलण्यात बंदीला वळसा घालणारे व्हीपीएन आले. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून अशा साइटना वयाची खातरजमा सक्तीची आहे, आणि टेक्सासच्या तशाच कायद्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये मान्यता दिली. याचा उपयोग होईलही, पण जिन्यातला फोन कोणाचे वय विचारत नाही.

शाळांनी यात काय करावे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढे मात्र खरे की, आठवीत वर्षातून एकदा मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन सॅनिटरी पॅड वाटायचे आणि तेवढा वेळ मुलांना मैदानात सोडायचे, याला लैंगिक शिक्षण म्हणता येत नाही. परदेशातल्या मंडळांच्या रविवारच्या मराठी शाळांकडूनही अपेक्षा करता येईल, पण बिचाऱ्या स्वयंसेवक शिक्षिका बाराखडीतच दमलेल्या असतात.

परदेशातल्या कुटुंबांसाठी एक बाजू खास उपनगराची आहे: सुट्टी. जून-जुलैत मुले आजी-आजोबांकडे येतात. घरच्या राउटरवरची सगळी कुंपणे अटलांटात राहतात आणि मुलुंडमध्ये आजोबांचा फोन हातात येतो. पाऊस धो-धो, बाहेर खेळता येत नाही, टीव्हीवर आजीची मालिका, आणि नातवाला नाही म्हणणे आजोबांना जमत नाही. शिवाय तिथे चुलत-मामे भावंडे असतात, जी दोन वर्षांनी मोठी असतात आणि ज्यांना सगळे माहीत असते. म्हणून निघण्याआधी दोन बोलणी लागतात. मुलाशी: 'तिकडे दादाने काही दाखवलं आणि नको वाटलं, तर मला कधीही फोन कर, इकडे मध्यरात्र असली तरी चालेल.' आणि आजी-आजोबांशी, ज्यांच्याशी या विषयावर आयुष्यात एक शब्द झालेला नसतो. ते अवघड वाटते, पण अनेक आज्या अनपेक्षितपणे समजूतदार निघतात. त्यांनी एकत्र कुटुंबांत आणि चाळींत पाहिलेले असते ते नातवंडांच्या आईवडिलांना माहीतही नसते. आजोबांना व्याख्यान देण्यापेक्षा त्यांच्या फोनचे काम करून द्यावे. निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर सकाळच्या सुविचारांच्या मागोमाग जे चावट व्हिडिओ येतात, ते व्हॉट्सअ‍ॅप आपोआप उतरवून गॅलरीत ठेवते, आणि नातू गॅलरीत स्वतःच्या बारशाचे फोटो शोधत असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणे बंद करता येते, आणि मीडिया गॅलरीत दिसणेही बंद करता येते. दोन्ही करावे, आणि आजोबांना सांगून करावे.